व्यवस्थापन-शिक्षणाचे प्रवेशद्वार : कोणती परीक्षा निवडावी?

पदवी हाती पडली, दोन-चार वर्षे नोकरी झाली, आणि आता व्यवस्थापनशास्त्राचे उच्च शिक्षण घ्यावे असा विचार मनात आला, की तरुणापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो परीक्षेचा. कॅट द्यावी, जीमॅट द्यावी, की जीआरई? बेळगाव असो वा इंदूर, बडोदे असो वा हैदराबाद, मराठी घरांतून हा प्रश्न आज वारंवार विचारला जातो, आणि त्याचे उत्तर देणारांचीही वाण नसते. थोरला भाऊ एक सांगतो, शिकवणीवर्गाचे चालक दुसरे सांगतात, तर अमेरिकेतील आतेभाऊ तिसरेच. या सल्ल्यांत खोटे फारसे नसते. परंतु बहुतेक सल्ले ज्याच्या त्याच्या काळापुरते आणि ज्याच्या त्याच्या वाटेपुरते खरे असतात. चुकीच्या परीक्षेच्या तयारीत वर्षभराच्या संध्याकाळी, रविवार आणि शुल्काचे हजारो रुपये खर्ची पडतात. आणि त्याहून मोठी हानी म्हणजे मुलाचा वा मुलीचा आत्मविश्वास खचतो. यास्तव निवड करण्यापूर्वी या परीक्षा मुळात काय आहेत, हे नीट पाहणे अगत्याचे आहे.

जीमॅट व जीआरई या दोहोंत जीआरई वडील. १९३६ साली अमेरिकेतील कार्नेगी फाउंडेशन आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया ही विद्यापीठे यांनी मिळून ती प्रयोगादाखल सुरू केली. १९४७ साली एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही संस्था स्थापन झाली व पुढे या परीक्षेचा कारभार तिच्याकडे आला. जीआरई कोणत्याही एका विद्येसाठी नव्हती. पदार्थविज्ञान असो की इतिहास, पदव्युत्तर शिक्षणास येणाऱ्या विद्यार्थ्याची सर्वसाधारण बौद्धिक तयारी अजमावणे एवढाच तिचा हेतू. वाणिज्य व व्यवस्थापन शिकविणाऱ्या संस्थांना मात्र आपल्या कामापुरती निराळी कसोटी हवी होती. अशा नऊ संस्थांच्या पुढाकाराने १९५४ साली एक नवी परीक्षा सुरू झाली. १९७६ साली तिला जीमॅट हे आजचे नाव मिळाले.

पुढे कित्येक वर्षे ही वाटणी सरळ होती. व्यवस्थापनाकडे जावयाचे तर जीमॅट, अन्य विद्यांकडे जावयाचे तर जीआरई. दोन्ही परीक्षा घेणारी संस्थाही एकच होती. २००५ अखेर जीमॅटचे काम त्या संस्थेकडून गेले, आणि मग तिने आपली जीआरई व्यवस्थापन-संस्थांच्या दारी नेली. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २००९ साली जीआरईचे गुण ग्राह्य धरण्याचा निर्णय घेतला, आणि आज बहुतेक नामांकित संस्था दोहोंपैकी कोणतीही परीक्षा मान्य करतात. तात्पर्य, आजच्या तरुणापुढील हा पेच जेमतेम वीस वर्षांचा आहे, आणि तो दोन संस्थांच्या चढाओढीतून उत्पन्न झालेला आहे. प्रत्येक संस्था आपल्या परीक्षेचे गुण गाणार हे उघडच आहे. दुकानदाराने आपल्या मालाची केलेली स्तुती जितक्या सावधपणे ऐकावी, तितक्याच सावधपणे हे गुणगान ऐकले पाहिजे.

मग निवडीचा आरंभ कोठून करावयाचा? सामान्यतः पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘सोपी कोणती?’ असा. वस्तुतः पहिला प्रश्न ‘कोठे जावयाचे आहे?’ हा असला पाहिजे. गाव ठरल्यावाचून गाडीची चौकशी करणे व्यर्थ होय.

भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या, म्हणजे आयआयएमच्या, दोन वर्षांच्या मुख्य अभ्यासक्रमास जावयाचे असेल, तर भारतात राहणाऱ्या विद्यार्थ्यास कॅटचाच मार्ग आहे. १९९६ साली स्थापन झालेली इंदूरची संस्था घ्या, २०१५ सालची नागपूरची घ्या, अथवा २०२३ साली जुन्या संस्थेचे रूपांतर होऊन झालेली मुंबईची घ्या, दार एकच. कॅट वर्षातून एकदाच, नोव्हेंबरअखेर होते. तिचे गुण पुढील प्रवेशापुरतेच चालतात. त्या दिवशी ताप आला वा हात थरथरला, तर पुन्हा वर्षभर थांबणे प्राप्त. याउलट जीमॅट व जीआरई वर्षभर देता येतात, आणि दोहोंचे गुण पाच वर्षे ग्राह्य असतात.

परंतु येथे एक बारकावा ध्यानात ठेवला पाहिजे. त्याच अहमदाबादच्या आयआयएममध्ये काही वर्षे काम केलेल्या अनुभवी मंडळींसाठी जो एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, त्यास जीमॅट किंवा जीआरईचे गुण मागितले जातात. हैदराबाद येथे २००१ साली सुरू झालेल्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचा एक वर्षाचा अभ्यासक्रमही अनुभवी उमेदवारांसाठीच असून तेथेही या दोन्ही परीक्षा चालतात. म्हणजे वाडा एक असला तरी पुढच्या दाराची किल्ली निराळी आणि मागच्या दाराची निराळी. महाराष्ट्रातील बहुसंख्य महाविद्यालयांसाठी राज्याची स्वतःची सामाईक प्रवेश परीक्षा आहे. आणि सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी त्या प्रवेशप्रक्रियेत स्वतंत्र प्रवर्गाची तरतूद आहे. बेळगाव-निपाणीकडील पालकांनी ही गोष्ट दृष्टीआड होऊ देऊ नये. परदेशी परीक्षांच्या झगमगाटात घराजवळचे दार नजरेतून निसटणे सहज शक्य असते.

एक-दोन उदाहरणांनी हे अधिक स्पष्ट होईल. समजा, ग्वाल्हेरची एक मुलगी नुकतीच वाणिज्य शाखेची पदवीधर झाली आहे, आणि तिला याच देशात शिकून याच देशात काम करावयाचे आहे. तिने जीमॅटच्या मागे लागणे म्हणजे शक्तीचा अपव्यय. तिची वाट कॅटची आणि राज्याच्या परीक्षेची. समजा, बडोद्याच्या एखाद्या रासायनिक कारखान्यात सहा वर्षे काम केलेला अभियंता आहे, घरी संसार आहे, दोन वर्षे बिनपगारी राहणे त्यास परवडणारे नाही. त्याने एक वर्षाच्या अभ्यासक्रमाकडे पाहावे, आणि मग जीमॅट की जीआरई एवढाच प्रश्न त्याच्यापुढे उरतो.

त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी दोन्ही परीक्षांची आजची घडण समजून घ्यावी लागते. ‘आजची’ असे म्हणण्याचे कारण, २०२३ साली दोन्ही परीक्षा बदलल्या. जीमॅट आता सव्वादोन तासांची आहे. गणिती विचार, भाषिक विचार आणि आकडेवारीचा अन्वयार्थ असे तिचे तीन भाग, प्रत्येकास पंचेचाळीस मिनिटे. निबंध गेला, वाक्यातील व्याकरणाच्या चुका सुधारण्याचे प्रश्न गेले, भूमितीही गेली. जीआरई दोन तासांस दोन मिनिटे कमी एवढी. तीत अर्ध्या तासाचा एक निबंध, आणि मग भाषा व गणित यांचे प्रत्येकी दोन खंड. भूमिती तेथे अद्याप आहे.

भाषेच्या भागात दोहोंचा स्वभाव अगदी निराळा. जीमॅटमध्ये उतारा वाचून त्याचा आशय सांगावयाचा, अथवा एखाद्या युक्तिवादातील कच्चा दुवा शोधावयाचा. तेथे शब्द साधे असतात, विचाराची गाठ अवघड असते. जीआरईमध्ये उताऱ्यांबरोबर गाळलेल्या जागी नेमका शब्द बसविण्याचे प्रश्न पुष्कळ असतात, आणि त्यांसाठी सहसा कानी न पडणाऱ्या इंग्रजी शब्दांचा मोठा साठा लागतो. ज्याचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले, ज्याने इंग्रजी वाचन उशिरा सुरू केले, त्यास येथे दुहेरी श्रम पडतात. अशा विद्यार्थ्याची तर्कबुद्धी तल्लख असेल, तर जीमॅटची भाषा त्यास अधिक न्याय देण्याचा संभव आहे. मात्र ज्याला लहानपणापासून इंग्रजी पुस्तकांचा नाद आहे, त्याला जीआरईचे शब्दप्रश्न हातचा मळ वाटतील.

गणिताचेही असेच. जीआरईच्या गणितात पडद्यावरील गणकयंत्र वापरता येते. जीमॅटच्या गणिती भागात ते मिळत नाही. केवळ आकडेवारीच्या भागात मिळते. ज्या घरात पावकी-दिडकीचे पाढे अजूनही मुखोद्गत आहेत, तेथील मुलांना याची फारशी धास्ती वाटू नये. परंतु तोंडी हिशेबाची सवय सुटलेल्यास पंचेचाळीस मिनिटांत एकवीस प्रश्न सोडविताना घाम फुटतो. आकडेवारीचा भाग तर सर्वांनाच नवा. कोष्टके, आलेख आणि दोन-तीन परस्परविरोधी कागद पुढे ठेवून निर्णय काढावयाचा. कचेरीत अहवाल वाचण्याची सवय झालेल्या नोकरदारास हा भाग मानवतो.

उत्तरे देण्याची रीतही भिन्न आहे. जीमॅटमध्ये पुढला प्रश्न आधीच्या उत्तरांवरून ठरतो, आणि प्रत्येक भागात शेवटी फार तर तीन उत्तरे बदलता येतात. जीआरईमध्ये त्या त्या खंडापुरते मागेपुढे मोकळेपणे फिरता येते. पहिल्या खंडातील कामगिरीवरून दुसऱ्या खंडाची काठिण्यपातळी ठरते, इतकेच. अवघड प्रश्न सोडून पुढे जाणे व मग परतणे ज्याच्या अंगवळणी पडले आहे, त्यास ही दुसरी रीत सोयीची.

आता गुणांविषयी एक इशारा. जुन्या जीमॅटचे गुण ८०० पैकी असत आणि ७०० हा आकडा म्हणजे यशाची खूण असा समज दृढ होता. नवी मोजणी २०५ ते ८०५ अशी असून जुन्या ७०० च्या जवळपासची योग्यता आता साधारण ६४५ ला मिळते. नव्या गुणांचा शेवटचा अंक नेहमी पाच असतो, एवढ्यावरून जुने-नवे ओळखता येते. हे ठाऊक नसलेला वडीलधारा मुलाचे ६४५ गुण पाहून नाराज होतो, आणि चांगल्या यशावर घरात विनाकारण विरजण पडते. जीआरईत भाषा व गणित यांचे गुण प्रत्येकी १३० ते १७० असे स्वतंत्र मिळतात. तेव्हा नुसत्या आकड्यांची तुलना न करता किती परीक्षार्थी मागे राहिले, ही शतमानाची पायरी पाहावी.

एवढे जाणल्यावर निर्णय ऐकीव मतांवर सोडण्याचे कारण उरत नाही. दोन्ही परीक्षांच्या संस्था सरावाच्या पूर्ण प्रश्नपत्रिका विनामूल्य देतात. दोन रविवार मोकळे ठेवावेत, घड्याळ समोर ठेवून एकेक पत्रिका पूर्ण सोडवावी, आणि इष्ट संस्थांनी आपल्या विद्यार्थ्यांचे जे गुण जाहीर केलेले असतात त्यांच्याशी आपले गुण ताडून पाहावेत. जेथे अंतर कमी, ती परीक्षा आपली. दोहोंत फरक दिसला नाही, तर पुढील बेताचा विचार करावा. व्यवस्थापनाबरोबर अर्थशास्त्र, सांख्यिकी अशा अन्य विद्यांचाही विचार मनात घोळत असेल, तर जीआरई अधिक दारे उघडी ठेवते. व्यवस्थापनाविषयी मन निश्चित असेल, तर जीमॅटचा अभ्यास त्याच कामास जुळणारा आहे.

निर्णय झाला की मात्र मागे पाहू नये. दोन महिने जीमॅट, मग कोणी काही म्हणाले म्हणून जीआरई, अशा धरसोडीने दोन दगडांवर पाय ठेवल्यासारखे होते. पहिल्या खेपेस मनाजोगे गुण पडले नाहीत, तर जीमॅट सोळा दिवसांनी व जीआरई एकवीस दिवसांनी पुन्हा देता येते. बारा महिन्यांत पाच वेळा अशी मर्यादा आहे. शिवाय प्रवेश केवळ गुणांवर मिळत नाही. नोकरीत काय केले, वरिष्ठ काय म्हणतात, अर्जातील निबंधांत स्वतःची ओळख कशी करून दिली, मुलाखतीत कसे बोलले, हे सारे पाहिले जाते. म्हणून परीक्षेची निवड लवकर उरकून उरलेला वेळ या गोष्टींना देणे हितावह होय. घरातील वडील मंडळींनीही शेजाऱ्याच्या मुलाचे गुण सांगण्याऐवजी ते दोन रविवार मुलांना निवांत मिळतील एवढे पाहिले, तरी त्यांचे साह्य मोठेच म्हणावे लागेल.