बाहुलीचा रुखवत आणि उरुशीचे हात



कामगार चळवळीतल्या माणसाने बाहुल्यांवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. पण कोणतीही वस्तू दिसली की आम्हांला पहिला प्रश्न पडतो : ही कोणी केली?

जपानात ३ मार्चला मुलींचा सण, हिना मात्सुरी. तांबड्या कापडाच्या पायऱ्यांवर सर्वांत वर सम्राट-सम्राज्ञी, खाली दासी, वादक. पार तळाशी वधूचे सामान : पेट्या, आरसा, ताटे, पालखी. आपला रुखवतच म्हणा ना! जुन्या श्रीमंत घरांतले हे सामान काळ्या रोगणाचे. ओल्या रोगणाने वेलबुट्टी काढायची आणि ती सुकण्याआधी वर सोन्याची पूड पेरायची. या कामाला माकिए, म्हणजे पेरलेले चित्र, म्हणतात. नागोयाच्या तोकुगावा संग्रहालयात ओवारी घराण्यातल्या स्त्रियांचे असे संच आहेत. मालकिणींची नावे त्यांना चिकटली आहेत. आमचा प्रश्न तसाच राहतो.

हे रोगण आपली लाख नव्हे. लाख किड्याची, उरुशी हा झाडाचा चीक. दहा-पंधरा वर्षांच्या झाडाला आडव्या चिरा पाडायच्या, तेव्हा हंगामभरात सुमारे २०० ग्रॅम चीक मिळतो, पावशेरसुद्धा नाही. आणि हे झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातले. बिब्बा उतलेला ज्यांनी पाहिला असेल, त्यांना नव्या उमेदवाराच्या हातांची कल्पना येईल. सूज, फोड, रात्रभर खाज. पुढे पुष्कळांना सवय होते म्हणतात. सवय होते, हे वाक्य आम्ही गिरण्यांतही फार ऐकले आहे.

शिवाय ते उन्हात वाळत नाही. त्याला उबदार, दमट, बंद कपाट लागते. धुळीचा एक कण बसला, की तो थर पुन्हा घासा.

१७२१ साली शोगुनांच्या सरकारने बाहुल्यांच्या उंचीवर मर्यादा घातली : आठ सुन, म्हणजे सुमारे २४ सेंटिमीटर. उधळपट्टी थांबावी हा हेतू. झाले असे, की पुढे इवल्याशा बाहुल्यांचा आणि बोटाएवढ्या पेट्यांचा शौक वाढला. वस्तू लहान झाली, म्हणून काम लहान होते काय? उलट डोळे अधिक जातात. मालकांना एवढे पटवण्यात आमची उमर गेली.

लाकूड घडवणारा एक, रोगण चढवणारा दुसरा, सोने पेरणारा तिसरा, अशी ही साखळी. वाजिमा हे रोगणकामाचे नामांकित गाव. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात तिथल्या कर्मशाळा कोसळल्या, काही आगीत गेल्या. ज्यांचे छप्पर वाचले, त्यांतले रोगण चढवणारे कुंचले घेऊन बसले. पण लाकडी भांडे घडवून देणाऱ्या शेजाऱ्याचे घरच उरले नव्हते.