मोडीत निघालेला जीप-पिकअप पुन्हा कामाला लावताना

कित्येक वाड्यावस्त्यांवर गोठ्याच्या मागे नाहीतर बाभळीखाली एखादी जुनी जीप, नाहीतर जीपच्याच चेसीवरचा हौदेवाला पिकअप उभा असतो. टायर बसलेले, हौद्यात पाचट भरलेलं, बॉनेटवर कोंबड्या. वडिलांनी हौसेनं घेतलेली गाडी असते, म्हणून भंगारात घालवत नाही. आणि घरातलं पोरगं आयटीआय करून आलं की त्याची पहिली नजर तिच्यावरच जाते. "बाबा, भंगारातून भाग आणू, इंजिन बदलू, माल बाजारात आपल्याच गाडीनं नेऊ." विचार चांगला आहे. या गाड्या दणकट आहेत, त्यांचे भाग अजून मिळतात, आणि गावचा मेस्त्री त्या उघडून पुन्हा जोडू शकतो. आजच्या भाषणात मला एवढंच सांगायचं आहे की, अशा गाडीवर पैसा कोणत्या क्रमानं घालावा आणि भंगारातलं काय घ्यावं, काय घेऊ नये.

बहुतेक जण आधी इंजिन घेतात, मग रंग देतात, आणि शेवटी काही उरलं तर ब्रेक बघतात. मीही तसंच केलं होतं. मोठं इंजिन बसवलं, गाडी जोरात ओढू लागली, मी खूष. एकदा जुन्नर भागातून टोमॅटो भरून कल्याणला निघालो. माळशेज घाट उतरताना एका वळणावर ब्रेकचं पेडल सरळ फळीला टेकलं. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. मागच्या डाव्या चाकाच्या सिलिंडरमधलं रबर फाटलं होतं आणि सगळं ब्रेक ऑइल चाकातून वाहून गेलं होतं. शेजारी धाकटा भाऊ बसलेला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती आणि डोंगराच्या बाजूला मुरमाचा ढीग होता, म्हणून आज मी तुमच्याशी बोलतो आहे. ते रबर नवं घ्यायला मला इंजिनाच्या किमतीचा शंभरावा हिस्सासुद्धा लागला नसता.

तेव्हा पहिलं काम कागदाचं. आरसी बुकावरचा चेसी नंबर आणि गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर स्वतः घासून, पुसून, वाचून ताडून पाहा. एका गाडीचे कागद आणि दुसरीची चेसी असा जोड कुणी स्वस्तात देऊ केला तर हात जोडा आणि घरी या. तो गुन्हा आहे, आणि पकडला जातो तो गाडी चालवणारा. इंजिन बदलायचं असेल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे आरटीओची मंजुरी लागते आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यावा लागतो. पेट्रोलची गाडी डिझेलवर न्यायची असेल तर एक रुपया खर्च करण्याआधी आरटीओत लेखी विचारावं. मंजुरी मिळेलच असं धरून चालू नये. माझं मत विचाराल तर आरसीवर ज्या जातीचं इंजिन लिहिलं आहे त्याच जातीचं दुसरं चांगलं इंजिन बसवणं सर्वांत सोपं. भंगारवाल्याकडून इंजिन घेताना नंबर लिहिलेली पावती घ्यावी. ती नसेल तर उद्या चोरीचा माल म्हणून इंजिन उतरवून द्यावं लागेल. आरसीवरचा नंबर आणि गाडीतला नंबर जुळला नाही तर अपघातानंतर विमा कंपनीही हरकत घेते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नवी करावी लागते आणि नंतर दर ५ वर्षांनी. मालवाहू म्हणून नोंद असेल तर फिटनेसचा दाखला हवाच.

कागद ठीक असले तर सांगाडा बघा. हौदा उतरवा, चिखल आणि जुनं ग्रीस खरवडून काढा. पाट्यांचे हँगर जिथे बसतात, स्टेअरिंगची पेटी जिथे बोल्टनं आवळलेली असते आणि इंजिनाखालचा आडवा, या तीन ठिकाणी भेगा पडतात. हातोडीनं हळू ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणतं, गंजलेलं थप्प वाजतं. चेसी वाकडी आहे का हे पाहायला मोठं यंत्र लागत नाही. सपाट जमिनीवर गाडी उभी करा, पुढच्या-मागच्या हँगरच्या सारख्या चार जागांवरून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खडूनं खुणा करा. मग विहिरीच्या चौकटीचे कर्ण मोजतो तसे दोन्ही कर्ण मोजा. ते जुळले तर चेसी सरळ. बोटभर फरक निघाला तर गाडीनं कधीतरी जोराचा मार खाल्लेला आहे. अशी चेसी सरळ करायचं काम जाणकाराकडे द्या, नाहीतर गाडी सोडून द्या. वेल्डिंग करण्याआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवून ठेवा. आणि इंधनाच्या टाकीला वेल्डिंग घरी करू नका, टाकी रिकामी दिसली तरी. आतल्या वाफेनं टाकी फुटते. टाकी नवी घ्या.

आता ब्रेक. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

जुन्या जीपला ब्रेकची वाट एकच असते. एका मास्टर सिलिंडरमधून ऑइल चारही चाकांना जातं. एक चाक गळलं की चारही गेली. पुढच्या काळातल्या गाड्यांना दुहेरी मास्टर सिलिंडर येऊ लागला. त्यात पुढच्या चाकांची वाट वेगळी, मागच्यांची वेगळी. एक फुटली तरी दुसरी काम करते. भंगाराच्या भागांतून करण्यासारखी पहिली सुधारणा कोणती, तर ही. सिलिंडरचं बाहेरचं घर आणि बसवायची पट्टी भंगारातली चालेल, पण आतली रबरं, म्हणजे किट, नवीनच. सिलिंडरच्या आत बोट फिरवा. खड्डे, गंज लागला तर ते घरही टाकून द्या. नव्या रबराला तो गंज चार दिवसांत कापतो. ब्रेकच्या नळ्या पोलादी घ्याव्यात. तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून कारागीर ती सुचवतात, पण सततच्या हादऱ्यानं तांबं कडक होऊन तडकतं.

एक चूक गावोगाव दिसते. ब्रेक ऑइल कमी झालं, जवळ डबा नाही, म्हणून इंजिन ऑइल नाहीतर हायड्रॉलिकचं ऑइल ओतलं. बंधूंनो, हे कधी करू नका. खनिज तेलानं ब्रेकची रबरं फुगतात आणि ब्रेक धरून बसतात, नाहीतर एकदम सुटतात. असं तेल गेलं असेल तर नुसतं धुऊन भागत नाही, सगळी रबरं बदलावी लागतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणीही शोषून घेतं. तसं ऑइल घाटात तापलं की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. म्हणून दोन वर्षांतून एकदा सगळं ऑइल बदलावं, आणि उघडा राहिलेला डबा वापरू नये.

पुढे डिस्क ब्रेक बसवायचे असतील तर एका-एका भागाच्या मागे लागू नका. ज्या गाडीचे घ्याल तिचा चाकापासूनचा सगळा संच एकत्र घ्या. अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे जमवायला गेलात तर लेथवाल्याचं बिल वाढतं आणि भरवसा कमी होतो. डिस्कबरोबर बूस्टर लावला तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पेट्रोल इंजिन स्वतःच्या शोषणावर बूस्टर चालवतं, डिझेल इंजिनाला ते शोषण नसतं. त्याला व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो, म्हणून अल्टरनेटर घेताना पंपासकट घ्यावा.

स्टेअरिंगचा जोड, टायरॉड एंड, किंगपिनचे बेअरिंग, चाकांचे बेअरिंग आणि ऑइल सील भंगारातले घेऊ नका. ब्रेकचे लायनर, रबरी होज आणि टायरही नाही. टायरची नक्षी चांगली दिसली तरी कडेच्या भेगा बघा. भंगारातून घ्यायच्या वस्तू वेगळ्या: गिअर पेटी, हाऊजिंग, बॉनेट, रेडिएटर, ड्रम, रिम, सीट. ड्रम घासून किती पातळ झालाय ते मोजून घ्यावं. मुंबईत कुर्ल्याकडे असे भाग विकणाऱ्या दुकानांची रांगच आहे. घासाई, बोअर, क्रँकचं काम असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी तयार हात आहेत.

हाऊजिंग बदलताना आमच्या ओळखीच्या एका बागायतदाराची मोठी फसगत झाली. मागचं हाऊजिंग गेलं म्हणून त्यानं दुसऱ्या गाडीचं आणून बसवलं. नटबोल्ट जुळले, गाडी चालली. पावसाळ्यात चिखलातून निघायला चारही चाकांची ओढ लावली, आणि पुढं कठीण रस्त्याला लागल्यावर पेटीतून कडाड आवाज आला. पुढच्या आणि मागच्या क्राउन-पिनियनचं प्रमाण वेगळं होतं. पुढची चाकं एका वेगानं फिरू पाहत होती, मागची दुसऱ्या. चिखलात चाकं घसरतात म्हणून भागतं, डांबरावर भाग तुटतात.

हे प्रमाण घरीच मोजता येतं. मागचं एक चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या आणि बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. गिअर न्यूट्रलला ठेवा, पुढच्या चाकांची ओढ सोडलेली असू द्या. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकावर नसतो, मागच्या शाफ्टवर असतो, म्हणून तो सोडावा लागतो. त्यासाठीच दगड आधी, हँडब्रेक नंतर. चाकावर आणि शाफ्टवर खडूची खूण करा. उचललेलं चाक हातानं बरोबर दोन फेरे फिरवा आणि एकानं शाफ्टचे फेरे मोजा. जेवढे फेरे तेवढं प्रमाण. पाच फेरे पुरे होऊन सहावा तिसऱ्या हिश्श्याच्या थोडा पुढे गेला तर ५.३८. पाचाला थोडा कमी पडला तर ४.८८. पुढच्या हाऊजिंगलाही अशीच परीक्षा करा. भंगारवाल्याकडे सुटं पडलेलं हाऊजिंग असेल तर एकानं एक ड्रम घट्ट धरावा, दुसऱ्यानं दुसरा फिरवावा. आणखी एक बघायचं, हाऊजिंगचा गोळा. जुन्या जीपचा तो मध्यावर नसतो, एका बाजूला असतो, कारण ट्रान्सफर पेटीतून शाफ्ट त्याच बाजूला निघतो. मधोमध गोळा असलेलं हाऊजिंग आणलंत तर शाफ्ट तिरका राहतो आणि क्रॉस टिकत नाहीत.

या ५.३८ च्या आकड्यामुळेच जुनी जीप पळत नाही, पण ओढते. १६ इंची जुन्या मापाच्या टायरचा एक फेरा साधारण सव्वादोन मीटरचा. टॉप गिअरला इंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरलं तर गाडी ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास जाते. कितीही मोठं इंजिन टाका, हा हिशेब बदलत नाही. शेतमालासाठी हा वेग पुरेसा आहे असं मला वाटतं. पोरांना वाटत नाही, ते सोडा.

इंजिनाकडे आता यायला हरकत नाही. जुन्या उंच बॉनेटच्या सीजे-३बी जीपमध्ये हरिकेन नावाचं पेट्रोल इंजिन असे. त्याचा एक व्हॉल्व्ह वर, एक बाजूला, त्यामुळे इंजिन उंच आणि म्हणून बॉनेटही उंच. पुढे कंपनीनं बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिनही जीपला दिलं. १९८० च्या दशकात आलेल्या एमएम ५४० मध्ये प्यूजोच्या बनावटीचं एक्सडीपी ४.९०, २,११२ सीसीचं डिझेल इंजिन होतं. जुनं इंजिन घेताना ते थंड असताना सुरू करायला सांगा. दुकानदारानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर संशय घ्या. गरम झाल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून फुसफुस धूर येत असेल तर रिंगा गेल्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, तो दोष बऱ्याचदा नोझल आणि पंपाच्या कामानं जातो. गरम इंजिनातून पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेडचं काम निघेल. क्रँक किती वेळा घासला आहे तेही विचारा. बेअरिंग तीसच्या मापाचं असेल तर पुढं घासायला फारसं काही उरत नाही.

डिझेल इंजिन वजनाला जड, म्हणून पुढच्या पाट्या बघाव्या लागतात. त्याला परतीच्या डिझेलची नळी टाकीला जोडावी लागते आणि बॅटरी मोठी लागते. डायनामो काढून अल्टरनेटर लावणं चांगलं, कारण तो कमी फेऱ्यांतही चार्ज करतो. पण काही जुन्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक सांगाड्याला जोडलेलं असतं. तसंच ठेवून अल्टरनेटर लावला तर क्षणात जळतो. वायरिंग सगळं नवं टाका, फ्यूजसकट.

पत्र्याचं आणि रंगाचं काम शेवटी, आणि त्यात फार जीव अडकवू नका. चेसी नंबरावर मात्र लांबी किंवा जाड रंग बसू देऊ नका.

गाडी तयार झाली की पहिले आठ दिवस रिकामी फिरवा. आधी वावरात, मग गावरस्त्याला. दर फेरीनंतर चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का बघा, आणि ड्रमला हात जवळ नेऊन बघा, एखादा जास्त तापतो का. त्यानंतर अर्धा माल भरून एखादी छोटी चढण-उतरण करा. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक फक्त मदतीला. सुरुवातीच्या शंभरएक किलोमीटरनंतर चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट आणि शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळून घ्या. आणि हौद्यात किती क्रेट मावतात यावर माल भरू नका. आरसीवर लिहिलेला बोजा बघा. टोमॅटोचा क्रेट २० किलोचा धरला तर ४० क्रेटचे ८०० किलो होतात, शिवाय वर बसलेले दोघे गडी वेगळे.