मातीच्या चित्रांना रंग देताना

दिवाळीच्या किल्ल्यावरील मावळा बोटाएवढा. त्याच्या मिशीला जाडा कुंचला चालत नाही. तथापि अतिबारीक कुंचला घेणे हीही चूकच. त्यात रंग मावत नाही, आणि रेघ पुरी होण्यापूर्वीच तो सुकतो. २ क्रमांकाचा, पण ओला करून झटकल्यावर टोक धरणारा कुंचला घ्यावा. अंगास गेरू, अंगरख्यास खडूची पूड, पागोट्यास नीळ, मिशीस काजळ. सर्वांत डिंकाचे पाणी. डिंक कमी पडल्यास रंग हातास लागतो, अधिक झाल्यास पोपडे सुटतात. शेंदूर व हरताळ मात्र शाळेत आणूच नयेत. एकात शिसे, दुसऱ्यात सोमल. आणि टोक जुळविण्यासाठी मुले कुंचला ओठांत धरतात. त्यांच्या हाती ओली चिंधी द्यावी.