वीटभट्टी, दारू आणि आपला एक नियम

(दिवा येथे रविवारच्या उपासनेनंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या धान्यवाटपाच्या यादीला एक नियम आहे. घरचा पुरुष दारू पीत असेल, तर त्या घराला मदत नाही. हा नियम झाला तेव्हा मीही हात वर केला होता.

दोन वर्षांपूर्वी कल्याणच्या पलीकडच्या एका वीटभट्टीवरून एक कातकरी ताई वाटपाच्या दिवशी आली. कडेवर मूल होते. मी विचारले, "नवरा पितो का?" ती खोटे बोलली नाही. मी तिला रिकाम्या हाताने परत पाठवले. चार महिन्यांनी तो माणूस भट्टीवरच्या झोपडीत वारला. सगळे म्हणाले, दारूने गेला. मीही तेच म्हणालो. मग त्या ताईने प्लास्टिकच्या पिशवीतून दवाखान्याचा कागद काढून दाखवला. त्याला क्षय होता आणि औषध दीड महिन्यातच सुटले होते.

क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पण साधा क्षय बरा व्हायलाही सहसा सहा महिने औषध न चुकवता घ्यावे लागते. दवाखान्याचा दिवस म्हणजे भट्टीवर खाडा. पोटात अन्न नाही, तर गोळ्या सोसत नाहीत. दारूनेही औषध सुटायला हातभार लावला, हे खरेच. पण ती एकटी नव्हती.

स्कॉटलंडमधल्या सुमारे ५० हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सुखवस्तू माणूस आणि गरीब माणूस सारखीच दारू पीत असले, तरी दारूमुळे आजारी पडण्याची आणि मरण्याची पाळी गरिबावर जास्त येते, असे त्यात दिसले. सिगारेट आणि वजन हिशेबात धरूनही हा फरक पुसला गेला नाही. म्हणजे किती प्याला एवढेच विचारून भागत नाही. कोणत्या घरात, कोणत्या कामात, किती उपाशी राहून प्याला, हेही विचारावे लागते.

आता भट्टीकडे पाहू. पावसाळ्यात हाताला काम नसते, तेव्हा मुकादम पाड्यावर येऊन उचल देतो. त्या पैशांत आजारपण, लग्न, घराचे छप्पर निघते. दिवाळीनंतर सगळे कुटुंब भट्टीवर जाते. मध्यरात्री उठून चिखल तुडवायचा, विटा पाडायच्या आणि आठवड्याला खर्चीपुरते पैसे घ्यायचे. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. पुष्कळदा उचल फिटतच नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. उचलीच्या बदल्यात माणूस बांधून ठेवणे १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी हे चालते. कंबर मोडल्यावर झोप यावी म्हणून माणूस जवळच्या गुत्त्यावर जातो. आणि गुत्ता मात्र नेहमी जवळच असतो.

हे आजचे नाही. पूर्वी आपल्या या जिल्ह्यातले आदिवासी मोहाची दारू घरी गाळत, सणाला आणि लग्नाला पीत. १८७८ च्या अबकारी कायद्याने घरची दारू गुन्हा ठरली आणि मक्त्याची दुकाने आली. दारूबरोबर उधारी आली, उधारीत जमिनी गेल्या. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्याकडून देवीची एक चळवळ उठली आणि गुजरातपर्यंत पोहोचली. हजारो आदिवासींनी आपण होऊन दारू सोडली आणि दारूवाल्यांकडे कामाला जाणेही नाकारले. त्यांची श्रद्धा आपली नव्हे. पण दारू आणि वेठ एकाच दोरीची दोन टोके आहेत, हे त्यांनी आपल्याआधी ओळखले.

आपल्यालाही ते शास्त्रात सापडायला हवे होते. निर्गमाचा पाचवा अध्याय विटा पाडणाऱ्यांचाच आहे. मराठी शास्त्रात तिथे 'मुकादम' हाच शब्द आहे. फारोने त्या थकलेल्या लोकांना आळशी ठरवले. देवाने मात्र त्यांचे ओरडणे ऐकले आणि आधी त्यांच्या सवयींची चौकशी केली नाही. त्या ताईला प्रश्न विचारताना मी कोणाच्या बाजूला उभा होतो?

मी दारूची बाजू घेत नाही. दारूपायी मार खाणाऱ्या बहिणी मी पाहिल्या आहेत. म्हणूनच विचारतो, नवऱ्याच्या दारूची शिक्षा बायकामुलांना आपण दुसऱ्यांदा का द्यावी?

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांत एकालाच कसलेतरी उपचार मिळतात. उरलेल्यांना बहुधा आपल्यासारख्यांचे उपदेश मिळतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने दुसरी वाट दाखवली. लोकांच्या चळवळीतून १९९३ साली त्या जिल्ह्यात दारूबंदी झाली. २०१६ पासून 'मुक्तिपथ' उपक्रमात गावाचे संघटन आणि व्यसनींवर उपचार ही दोन्ही कामे जोडीने चालतात.

माझी मंडळीला चार गोष्टींची विनंती आहे. पहिली, तो नियम यादीतून काढावा आणि धान्य घरच्या बाईच्या हाती द्यावे. दुसरी, क्षयाच्या रुग्णासोबत दवाखान्यात जायला आठवड्याचा एक दिवस देणारी माणसे हवीत. रेशनकार्ड, जातीचा दाखला आणि बँकेचे खाते काढायलाही सोबत लागते. तिसरी, भट्टीवरच्या एका तरी मुलीला विटांचा आणि उचलीचा हिशेब वहीत लिहायला शिकवू या. चौथी, रोज भरपूर पिणाऱ्याकडून प्रार्थनासभेत एकदम शपथ घेऊ नका. दारू अचानक तोडली तर झटके येऊन जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, आणि त्याच्या शेजारी बसून प्रार्थना.

ती ताई यंदाही त्याच भट्टीवर आहे. नवऱ्याची उचल आता तिच्या नावावर आहे. गेल्या महिन्यात मी धान्य घेऊन गेलो आणि तिची क्षमा मागितली. ती काही बोलली नाही. तिने पोत्याचे तोंड सोडले आणि चूल पेटवली.

प्रभू आपणा सर्वांना या सेवेसाठी बळ देवो. आमेन.