आवाज फुटला, गाणं राहिलं


आज एका नाटकातल्या मुलाची गोष्ट.

भास्कर बखले.
जन्म १८६९चा, बडोदे संस्थानातल्या कठोर गावचा.
गोड गळ्यानं त्याला किर्लोस्कर नाटक मंडळीत नेलं.
‘रामराज्यवियोग’ नाटकात तो चक्क कैकेयी झाला!

मग वय वाढलं.
आवाज फुटला.
घोगऱ्या गळ्याची कैकेयी कोण ऐकणार?

रंगभूमी सुटली.
हो, रंगभूमी सुटली, पण गाणं नाही सुटलं.

बडोद्यातच फैज महंमद खाँसाहेबांनी त्याला घडवलं. वर्षानुवर्षं तालीम.
पुढं नत्थन खाँ, अल्लादिया खाँ यांचीही विद्या मिळाली.

तेच हे गायनाचार्य भास्करबुवा, बालगंधर्वांचे गुरू.

१९१६ साली ‘स्वयंवर’ नाटक आलं.
चाली बुवांच्या.
एकेकाळची कैकेयी आता बालगंधर्वांच्या रुक्मिणीला गाणं शिकवत होती.