नैरोबीत ऐकलेली वारी

मी डोंबिवलीचा. शिकत असताना सहा महिने इंटर्नशिपला केनियात, नैरोबीला होतो. आषाढात तिथं थंडी असते, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मेसमध्ये उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. मन लागेना. अर्ध्यातून परत यायचं ठरवलं आणि आबांना फोन लावला.

तिथं दुपारचा दीड, इथं चार. दिंडी दिवे घाटात. आबांना काही ऐकू येईना. "थांब रे," म्हणाले आणि फोन मृदंगाजवळ धरला. माझं बोलणं राहूनच गेलं. (एरवी मी दिंडीत चहापुरताच यायचो!)

एकादशीला बाजारातून रताळी आणून उकडली. सहा महिने पुरे केले. फोन कशासाठी केला होता, ते आबांना अजून सांगितलेलं नाही. आज समोरच बसलेत.