पिशवीच्या ऑपरेशननंतर

गर्भाची पिशवी काढलेल्या बाईला आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो, ‘पडून राहा गं, हलू नकोस.’ माया खरी, पण सल्ला चुकीचा. नुसतं पडून राहिलं की पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो, आतडीही सुस्तावतात. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात पडून राहण्याची आणि उपाशी ठेवण्याची ही जुनी शिस्त मोडायला सुरुवात केली. आता बहुतेकींना भूल देण्याच्या २ तास आधीपर्यंत पाणी चालतं आणि ऑपरेशननंतर २४ तासांच्या आत साधं जेवणही. लघवीची नळी लवकर काढतात. कुठे कुठे च्युइंगगम चघळायला देतात. हसू नका! तोंड हललं की आतड्यांना वाटतं जेवण आलं, आणि ती कामाला लागतात.

उठताना मात्र आधी कुशीवर वळा, हाताचा रेटा देऊन बसा, थोडा वेळ पाय खाली सोडा. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरा. दुखण्याची गोळी वेळेवर घ्या. सोसत बसलात तर चालणंच होणार नाही. भरलेली कळशी, ओल्या कपड्यांची बादली साधारण ६ आठवडे घरातल्या इतरांनी उचलावी. ताप आला, रक्तस्राव वाढला किंवा एकाच पोटरीला सूज दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.